अकरा सुवर्णपदकांचे सर

दोन हजार चार साली नाशकात उत्कृष्ट बॉक्सिंग प्रशिक्षक निवडणाऱ्या समितीत मीही होतो. कोणाचा सराव बघायला जावं असं आम्हा शहाण्यांना वाटलंच नाही, आम्ही फक्त पदकं मोजली. शिरसाठ सरांच्या मुलींची अकरा सुवर्णपदकं होती, म्हणून शाल-श्रीफळ त्यांना.

सरांची अक्कल एवढीच, की ज्या वजनगटात जिल्ह्यातून दुसरी मुलगीच नसायची, त्या गटात ते आपली उतरवायचे. मुलगी रिंगमध्ये जायची, पंच तिचा हात वर करायचे, झालं सुवर्ण!

सत्काराला त्यांतल्याच एका मुलीची, हर्षालीची, आई लंकाबाई सिन्नरहून आली होती. तिने सगळ्यांसमोर विचारलं, "सर, पोरीला ठोसा मारायला कधी शिकवणार? तीन वर्षं झाली, अजून नाय येत तिला."

"ताई, हरलीये का ती कधी?" सर म्हणाले. आम्ही सगळे हसलो.

पुढच्याच महिन्यात हर्षाली राज्य स्पर्धेत उतरली. पहिल्यांदाच समोरच्या कोपऱ्यात कोणीतरी होतं.



घंटा वाजली, समोरची पोरगी धावून आली, आणि हर्षालीने सवयीने आपला हात पंचांच्या हातात दिला.