नारळ फोडायचा दगड

हे लिहिणारच नव्हतो, कारण यात अख्ख्या गावाचं हसं आहे.

गडावरचं देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं, असं तुळाजी पर्यटकांना दहा वर्षं सांगत होता. गाईड म्हणून त्याचं पोट याच गोष्टीवर चालायचं. परवा साफसफाईत त्याच्या मित्रानं, हैबतीनं, पायरीजवळचा नारळ फोडायचा दगड पहारीनं उलटला. खाली अक्षरं कोरलेली होती. देऊळ बांधणाऱ्या पाथरवटाचं नाव, आणि गाव आमचंच.

"म्हणजे सात पिढ्या आपण त्याच्याच पाठीवर नारळ फोडतोय," हैबती हसत सुटला. "आणि तू नाव सांगतोस भीमाचं."

तुळाजीला गोष्ट सोडवेना. पाथरवटाचं ऐकायला कोण थांबणार? तरी अक्षरांतली माती तो नखानं काढत बसला.

"पांडवांना बाकीची देवळं आहेतच," शेवटी तो म्हणाला. "हैबत्या, शब्द देतो. उद्यापासून हे देऊळ याचं."