हॅनानं कुणालाच सांगितलं नव्हतं

रंगाचा पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा देता येणार नाही, असं बन्सीसरांनी सांगितलं, तशी सगळी पोरं ब्रश टाकून विहिरीकडं पळाली. हॅना तेवढी मागं राहिली. ती चर्चच्या मागच्या अंगाला गेली. तिथं सरूबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती.

"इकडं उन्हाला बस," सरूबाईनं पोतं सरकवलं. "तिकडं गारठा हाय."

हॅना बसली. शेंगा फोडू लागली.

ही पोरं न्यूझीलंडहून आली होती. सोळा-सतरा वर्षांची. तिकडं शाळांना सुट्टी, म्हणून त्यांच्या चर्चनं सेवेला पाठवलेली. देवगाव रंगारीजवळच्या या वस्तीवर शाळेची खोली रंगवायची, लेकरांना गाणी शिकवायची आणि नाताळनंतर परत जायचं. सोबत त्यांचे पाळक, म्हणजे पास्टर, ग्लेन होते. दुभाष्याचं काम औरंगाबादचे बन्सीसर करायचे.

सरूबाई काही चर्चची नव्हती. तरुणपणी औरंगाबादेत छावणीतल्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर कामाला होती, नवरा वारल्यावर वस्तीवर परतली. चर्चच्या शेजारीच तिचं घर. पोरांच्या भाकरी ती थापायची.

"म्हातारीला तुमचं एक अक्षरही कळायचं नाही," बन्सीसरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "खाणाखुणा करा."

पण हॅना खाणाखुणा करायची नाही. ती सरळ इंग्रजीतच बोलायची. कुत्र्याबद्दल, शाळेबद्दल, घरामागच्या समुद्राबद्दल. सरूबाई मधूनच "व्हय गं माय" म्हणायची. दोघींचं बरं चाललं होतं.

त्या दिवशी मात्र हॅनानं आधी नुसत्याच शेंगा फोडल्या. मग एकदम म्हणाली, "माझी आई दवाखान्यात आहे."

सरूबाईनं शेंग फोडली.

"इथं सगळ्यांना वाटतं ती बरी होतेय. मीच तसं सांगितलंय. पण ती बरी होणार नाही. डॉक्टरांनी पप्पांना सांगितलं, तेव्हा मी दाराशीच होते." तिनं हातातली टरफलं चुरगाळली. "मला देवानं इथं बोलावलंय, असं मी घरी म्हणाले. आमच्या घरात त्यापुढं कुणी बोलत नाही. आई तर खूश झाली. पण तसं काही नव्हतं. तिचे हात एवढेसे झालेत. मला बघवत नाही. ती जाईल तेव्हा मला तिथं असायचं नाही, म्हणून मी आले."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सरूबाईनं पदरानं तिचं तोंड पुसलं, मूठभर दाणे तिच्या ओंजळीत घातले.

"खा. लई वाळलीस."

हॅनानं दाणे खाल्ले. तिला हलकं वाटलं. न कळणाऱ्या माणसाशी बोलणं किती सोपं असतं, असं तिच्या मनात आलं. मग ती उठून रंगाच्या डब्याकडं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लेन यांनी तिला बाजूला घेतलं. "हॅना, चल. शहरात जाऊन तुझ्या आईला दवाखान्यात फोन लावू."

"कशाला?"

"तुझ्या आईला किती बरं नाही ते मला कळलंय."

हॅना एक पाऊल मागं सरली. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"ते राहू दे," ग्लेन हळू म्हणाले. "मी रागावलो नाही. तू घाबरलीस, एवढंच."

औरंगाबादेत गुलमंडीतल्या एका एसटीडी बूथमधून फोन लागला. बाहेर कापडवाल्यांचा गलका, आत हॅना एका कानावर हात दाबून उभी. आधी वडील बोलले. मग बराच वेळ नुसता खरखराट आला, आणि त्यातून आईचा आवाज.

"तिकडं काम खूप असेल ना? झालं की ये."

हॅनानं फोन ग्लेन यांच्या हातात दिला. "ती येतेय," ते म्हणाले.

तिकीट बदलून मिळालं. निघायच्या दिवशी सकाळी वस्तीवरची माणसं चर्चपुढं जमली. आपण दोन शब्द बोलणार, असं हॅनानंच सांगितलं. बन्सीसर एकेक वाक्य मराठीत करत गेले.

"मी खोटं बोलून इथं आले. खरं काय ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. रोज रात्री देवापाशी मात्र रडायचे. त्यानं ते पास्टरना कळवलं. देव आहे की नाही, अशी मला शंका होती. आता नाही."

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. बरोबरच्या पोरी हुंदके देऊ लागल्या. ग्लेन काही तरी बोलायला पुढं झाले. समोर बसलेल्या सरूबाईनं त्यांच्याकडं बघत 'नको' अशी मान हलवली. ते थांबले आणि प्रार्थनेसाठी त्यांनी डोळे मिटले.

जीप निघायला आली. औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईचं विमान होतं. हॅना आत बसली आणि सरूबाईचा हात तिनं खिडकीतून धरून ठेवला.

"बन्सीसर, हिला एवढं सांगा ना," ती म्हणाली. "मला भीती वाटतेय. आईच्या खोलीत गेल्यावर काय बोलायचं, तेच मला कळत नाहीये."

बन्सीसर मागं टपावर सामान बांधत होते. त्यांना ऐकू गेलं नाही. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

सरूबाईनं इकडंतिकडं पाहिलं. मग खिडकीतून आत वाकली आणि तिच्या कानाशी म्हणाली, "डोन्ट से एनिथिंग, माय चाइल्ड. जस्ट होल्ड हर हँड."