पान दोनवरचे वडील

कार्यक्रमपत्रिकेच्या दुसऱ्या पानावर डॉक्टरांना कळलं की आपण वारलो आहोत.

तिसऱ्या रांगेत बसून त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. ‘वादक नऊ वर्षांचा असताना दारुड्या बापाने प्राण सोडला. पोर रस्त्यावर आलं. कचऱ्यात सापडलेल्या ट्रम्पेटमध्ये त्याने आपली भूक फुंकली. आज त्याच्या जॅझमधून तेच दुःख पाझरतं.’

डॉक्टर दातांचे होते. दवाखान्यातल्या स्पिरिटपलीकडे त्यांचा दारूशी संबंध नव्हता. पोराला त्यांनी एक सोडून तीन ट्रम्पेट घेऊन दिली होती, तीही नवी कोरी. शिकवणीला ते स्वतः गाडीतून सोडत आणि तास संपेपर्यंत जिन्यात बसून राहत. तिकडे पेशंट गाल धरून वाट बघत. ओठ नीट टेकावेत म्हणून पोराचे वाकडे दात त्यांनीच तारा लावून सरळ केले होते. आणि भूक म्हणाल, तर त्याला ताटावरून उठवायला दोन माणसं लागत.

पडदा उघडला. मुलगा उसवलेला, विटका कोट घालून आला. त्याने पहिला सूर लावताच शेजारच्या बाईंनी रुमाल काढला.

“असा बाप वैऱ्यालाही मिळू नये,” त्या कुजबुजल्या.

“खरंय,” डॉक्टर म्हणाले.

मध्यंतरात ते आत गेले. मुलगा दचकून उठला.

“बाबा! येणार म्हणून कळवायचं तरी!”

“मेलेल्या माणसाने कळवायचं कसं?”

मुलाने मान खाली घातली. “मॅनेजरने लिहिलंय ते. तीन वर्षं नुसतं चांगलं वाजवलं, कुत्रं फिरकलं नाही. तुम्हाला मारल्यापासून हॉल भरतोय.”

डॉक्टरांनी पत्रिकेची घडी घालून खिशात ठेवली.

“मारलंस ना? मग आता नीट निभाव. फोन करू नकोस, घरी येऊ नकोस. मेलेल्या बापाला भेटायला कोणी जातं का?”

जाताना त्यांनी दार हळूच लोटलं.

मध्यंतरानंतर तिसऱ्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. मुलाने ट्रम्पेट ओठांना लावलं, पण श्वास छातीतच अडकला. सूर चिरकला, तुटला, पुन्हा उठला. गालांवरून पाणी ओघळलं, ते त्याने पुसलं नाही. असं त्याने आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेपरात समीक्षकाने लिहिलं, ‘पूर्वार्धात अनाथाचं अस्सल दुःख अंगावर आलं. उत्तरार्धात मात्र वादकाने नुसतं नाटक केलं.’