केकवरचं नाव

"वहिनी, नाव ठरलं एकदाचं! केकवर लिहून टाक," नणंद फोनवर म्हणाली आणि तिने ते नाव सांगितलं. "मुलगा होवो नाहीतर मुलगी, दोघांनाही शोभेल. गोड आहे ना?"

वहिनीच्या हातात क्रीमची पिशवी होती. ती एवढी आवळली गेली की क्रीमचा गोळा पचकन ओट्यावर पडला.

"गोड आहे," ती म्हणाली. "कुणी सुचवलं?"

"आणखी कोण? दादाने! बाळाचा मामा जन्मात पहिल्यांदा कामाला आला बघ."

फोन ठेवून तिने ओट्यावरचं क्रीम पुसलं. समोर फिरत्या स्टँडवर केक तयार होता. सकाळपासून ती त्याच्याच मागे होती. आधी थरांवर थर चढवले, क्रीमचा पहिला हात दिला, केक फ्रिजमध्ये घट्ट होऊ दिला, मग दुसरा हात. तो असा गुळगुळीत की माशी बसली तर घसरून पडावी. कडेने साखरेचे इवले इवले मोजे दोरीवर वाळत घातल्यासारखे लावले होते आणि मधोमध नावापुरती जागा मोकळी सोडली होती. बेबी शॉवरचा केक दुकानातून मागवू म्हणणाऱ्या नणंदेच्या सासूला तिनेच उडवून लावलं होतं. "माझ्या नणंदेचं पहिलं बाळ आणि केक विकतचा? मी काय मेले की काय?"

ते नाव जगात दोघांनाच ठाऊक होतं. तिला आणि तिच्या नवऱ्याला. काही वर्षांपूर्वी तिला मुलगी झाली होती. वेळेच्या फार आधी आली आणि दिवस मावळायच्या आत गेली. फोटो नाही, पावलाचा ठसा नाही. घरातले लोक तिला मुलगीसुद्धा म्हणत नसत. 'ते झालं तेव्हा' एवढंच म्हणत आणि विषय बदलत. उरलं होतं ते फक्त नाव. "हे आपल्या दोघांतच राहू दे," असं नवराच म्हणाला होता, तिचा हात हातात घेऊन. तिने ते सख्ख्या आईलाही सांगितलं नव्हतं.

नवरा बाहेरच्या खोलीत फुगे फुगवत बसला होता. ती दारात जाऊन उभी राहिली.

"आपलं नाव दिलंस तिला?"

त्याने फुग्याला गाठ मारली. वर पाहिलं नाही. "अगं, पाळणा तूच दिलास. स्वेटर, दुपटी, सगळं तूच खोक्यात भरून दिलंस. मग नाव नुसतं ठेवून काय करायचंय? कुणाच्या तरी उपयोगी पडेल."

"मला विचारायचं तरी होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस," तो म्हणाला आणि त्याने दुसरा फुगा तोंडाला लावला.

खोकं तिनेच भरलं होतं, हे खरं. पण नाव त्या खोक्यात नव्हतं. त्याने आपलं हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवलं आणि मोकळा झाला. केक उचलून भिंतीवर मारावा असं तिला वाटलं. ती ओट्याशी परत आली आणि क्रीमची पिशवी पुन्हा भरायला लागली. मग रागाखालून दुसरंच काहीतरी वर यायला लागलं. कुणीतरी त्या नावाने हाका मारील. जेवायला ये, चपला घाल, उशीर झाला. कुणीतरी 'ओ' देईल. आणि नवरा आज ना उद्या बहिणीला सांगेलच की हे नाव कुणाचं आहे. एवढं तर तो करीलच. तेवढ्यावर तिला ते नाव देऊन टाकता आलं असतं.

एरवी अक्षरं ती आधी ताटलीवर गिरवून बघायची आणि बोटाने पुसून टाकायची. हे नाव तिला पुसता आलं नसतं. म्हणून तिने ते सरळ केकवरच लिहिलं. आजवर ते कुठेच लिहिलं गेलं नव्हतं.

संध्याकाळी नणंदेच्या घरी केकचं खोकं उघडलं तेव्हा सगळ्यांच्या तोंडून 'आहा' निघालं. नणंद सुजलेल्या पायांनी खुर्चीतून उठली आणि तिने वहिनीच्या गालाचा पापा घेतला. नणंदेच्या सासूने चष्मा लावून नाव मोठ्याने वाचलं. दुकानाच्या केकचं नावही आता कुणी काढलं नाही.

"काय सुरेख नाव आहे हो!" सासूबाई म्हणाल्या. "मामा, कसं सुचलं तुम्हाला?"

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. आता सांगेल. हळू आवाजात का होईना, पण सांगेल.

"काही विशेष नाही हो," तो हसत म्हणाला. "परवा चहा पिता पिता सहज सुचलं."

लोकही हसले. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"वहिनी, केक तुझा, पहिला काप तूच काप," म्हणत नणंदेने सुरी तिच्या हातात दिली. वहिनीने ती घेतली आणि केकशेजारी ठेवून दिली. तिचा आवाज अगदी नेहमीचा होता. साखर हवी का विचारावं तितका साधा.

"आणि आपल्या मुलीचं नाव काय ठेवलं होतं रे आपण? तेही सांग ना सगळ्यांना."