हातातलं पत्रक

शाळा मंडळाच्या निवडणुकीला उभा असलेला वेंडेल बुटांवरचा बर्फ झटकत मत मागायला दारात आला, आणि निवृत्त शिक्षिका ओस्बीबाईंनी त्याला लगेच ओळखलं. सहावीतला शेवटच्या बाकावरचा वेंडेल!

"चष्मा सापडत नाही रे. तूच वाच," म्हणत बाईंनी टेबलावरचं पत्रक त्याच्या हातात दिलं.

कागदावर नजर रोवून त्याने आपली सगळी आश्वासनं घडाघडा म्हणून दाखवली.

"हे तुझं नाही, तुझ्या विरोधकाचं पत्रक आहे," बाई कडाडल्या. "वाचता येत नाही, आणि शाळा चालवायला निघालास?"

वेंडेलचा चेहरा उतरला, पण तो पायरीवरून हलला नाही.

"वाचता येत नाही हे आज कळलं का, बाई? की मला सहावीत पास केलंत, तेव्हाच?"