तिच्या बाजूचा वकील

"हे तुमचे वकील. चालतील ना तुम्हाला?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"चालतील, चालतील," दादा म्हणाला.

"मी त्यांना विचारलंय."

दादानं शेजारी बसलेल्या बहिणीचं कोपर धरून तिला उभं केलं. तिचे केस पिकले होते, तरी घरात तिला अजून बाळ म्हणत.

नवरा गेल्यावर ती बरेच महिने बोलली नव्हती. तेवढ्यात दादानं कोर्टातून हुकूम आणला: हिला स्वतःचं बरंवाईट कळत नाही, भाऊ हिचा पालक. पुढं ती बोलायला लागली, हुकूम मात्र तसाच राहिला. दादाच्या घरचा दोन्ही वेळचा स्वयंपाक, धुणीभांडी, वहिनीच्या गुडघ्यांना तेल, एवढं सगळं तिला कळत होतं. बरंवाईट तेवढं कळत नव्हतं.

आता दादाला तिचं दोन खोल्यांचं घर विकायचं होतं. कायदा म्हणाला, पालकच विकणार असेल तर जिचं घर तिच्या बाजूनं वेगळा वकील पाहिजे. तोही दादानंच शोधला. कुंपणानं शेत खायचं आणि राखणदारही कुंपणानंच नेमायचा.

"यांच्या भावाशी तुमची ओळख?" बाईंनी वकिलाला विचारलं.

"छे, मॅडम. आज इथंच पाहतोय त्यांना. पण कागद वाचलेत. घर विकणं ताईंच्याच हिताचं आहे."

"हे रविवारी आमच्याकडे आले होते," ती म्हणाली.

दादा हसला. "बाळ, बस खाली. मॅडम, तिचं असंच असतं. तिला वार कळत नाही, तारीख कळत नाही."

"पंख्याखाली बसले होते, दादाच्या खुर्चीत. चहा बिनसाखरेचा मागितला. म्हणाले, 'ती बाई काय बोलणार? मान हलवायला सांगा म्हणजे झालं.' मी तिथंच उभी होते. पाणी मीच दिलं."

"अहो, पाणी कुणी दिलं ते माझ्या कसं लक्षात राहणार—" वकील म्हणाला आणि थांबला.

टाइप करणाऱ्याची बोटंही थांबली.

"थांबलात का?" न्यायाधीश बाई टाइप करणाऱ्याला म्हणाल्या. "जसंच्या तसं घ्या ते."

वकिलानं आपले कागद उचलले. दादाकडे न बघता तो मागच्या बाकावर जाऊन बसला.

कोर्टाच्या मोफत मदतीतल्या एका तरुण वकीलबाईंना बोलावण्यात आलं. "या चालतील?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"आधी बोलून बघते," ती म्हणाली.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. न्यायाधीश बाई हसल्या नाहीत. "बघा. आम्ही थांबतो."

बाहेरच्या व्हरांड्यात लाकडी बाक होता. वकीलबाई बसल्या, ती बसली, आणि दोघींच्या मध्ये बसायला दादा पुढं आला.

"तुम्ही तिकडं उभे राहा," वकीलबाई म्हणाल्या.

"मी पालक आहे तिचा."

"या बोलण्यात नाही."

दादा खांबापाशी जाऊन उभा राहिला. कान मात्र इकडंच होते.

"बोला मावशी. तुम्हाला काय हवंय?"

तिनं आपल्या हातांकडे बघितलं. नखांत हळद होती.

"घर विकायचं नाही," ती म्हणाली. "मला तिथं राहायला जायचंय. तो हुकूम काढून टाकायचाय. होईल?"

"लढावं लागेल. वेळ लागेल."

"लागू दे. तुमच्या वकीलपत्रावर सही माझी. दादाची नको."

"मी न्यायाधीश बाईंना तसंच सांगते. आणखी काही?"

तिनं बाकाला पाठ टेकली आणि खांबाकडे बघितलं.

"दादा, जरा पाणी आण."

दादानं मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. वकीलबाई त्याच्याकडेच बघत होत्या. तो निघाला.

इथं पाणी कुठं असतं, हे त्याला शिपायाला विचारावं लागलं.