एकरकमी की दरमहा?

"मावशी, पेन्शनला दहा वर्षं नोकरी लागते, तुमची आठच भरलीत," खिडकीतला कारकून म्हणाला. "कापलेले पैसे एकरकमी परत घ्या, नाहीतर अजून दोन वर्षं काम करा."

"परतच घे गं आई!" मुलाने नवी गाडी पाहूनच ठेवली होती. तिच्या प्रेशरच्या गोळ्या आणायला मात्र त्याला आठवडाभर सवड मिळाली नव्हती.

हॉस्पिटलच्या चादरींना इस्त्री करून करून तिचा खांदा पार कामातून गेला होता. तरी तिने विचारलं, "मी गेल्यावर पेन्शन पोराला मिळते का हो?"

"छे! तुम्ही आहात तोवरच."

"मग दोन वर्षं रेटते की!"

मुलाचं तोंड एवढंसं झालं. तिने लाडाने त्याची पाठ थोपटली. "आता माझ्या गोळ्या विसरणं तुला परवडायचं नाही, बाळा."